कोणत्या सर्व्हरला काय विचारायचे : आयआरसीच्या चौकशी कमांड

व्हॉट्सॲपवर निरोप अडकला तर आपण फार तर फोन बंद करून पुन्हा चालू करतो. आत कुठे काय तुंबले आहे, हे विचारायची सोय नाही. इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, या गप्पांच्या जुन्या जाळ्यात ती सोय पहिल्यापासून आहे. ज्या खिडकीत गप्पा मारायच्या त्याच खिडकीत तिरपी रेघ देऊन एक शब्द टाइप केला, की सर्व्हर स्वतःबद्दल सांगू लागतो : किती माणसे आत आहेत, कोणत्या सर्व्हरशी आपण जोडलेले आहोत, किती दिवसांपासून चालू आहोत, कोणत्या जोडणीवर किती माल पडून आहे. जाळे सांभाळणाऱ्यांचे बरेचसे निदान याच शब्दांवर चालते. हे शब्द एका संध्याकाळी पाठ होतात. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे उमगायला वेळ लागतो, कारण त्यासाठी जाळ्याची बांधणी डोक्यात बसावी लागते.

कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

जाळ्याची बांधणी

यार्क्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी सुरू केले. त्याचे नियम मे १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजात आले. त्यावर ओइकारिनेन यांच्याबरोबर डॅरेन रीड यांचे नाव आहे. एप्रिल २००० मध्ये क्रिस्तोफ काल्ट यांनी ते नियम २८१० ते २८१३ अशा चार दस्तऐवजांत नव्याने मांडले. प्रत्यक्षात प्रत्येक मोठ्या जाळ्याने आपापल्या सोयीने त्यात फेरफार केले, त्यामुळे एका जाळ्यावर चालणारी कमांड दुसरीकडे थोडी वेगळी वागते.

बांधणी झाडासारखी असते. कोणत्याही दोन सर्व्हरमध्ये जायला नेमकी एकच वाट, वळसा घालून दुसरी वाट नाही. ज्याला अनेक सर्व्हर जोडलेले असतात तो हब. टोकाला एकटा असतो तो लीफ. सगळ्या जाळ्यावर कोण कोण आहे आणि कोणत्या चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, आहे, याची यादी प्रत्येक सर्व्हर जवळ बाळगतो. काही गोष्टी मात्र त्या त्या सर्व्हरलाच ठाऊक असतात : आपल्याकडचा माणूस किती वेळ गप्प आहे, आपल्या जोडणीवर किती मजकूर रांगेत आहे, आपण स्थानिक पातळीवर कोणावर बंदी घातली आहे. म्हणून बऱ्याचशा चौकशी कमांडना शेवटी सर्व्हरचे नाव जोडता येते. नाव दिले नाही तर आपण ज्याच्याशी जोडलेले आहोत तोच उत्तर देतो. नाव दिले तर प्रश्न झाडावरून प्रवास करत तिथवर जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते.

उत्तराच्या प्रत्येक ओळीत तीन अंकी क्रमांक असतो, आणि एका ओळीची मर्यादा शेवटच्या दोन खुणा धरून ५१२ बाइट. चारशे आणि पाचशेच्या घरातले क्रमांक म्हणजे नकार किंवा चूक : ४०२ म्हणजे असा सर्व्हरच नाही, ४२१ म्हणजे अशी कमांडच नाही, ४८१ म्हणजे तुम्हाला हा अधिकार नाही. गप्पांची सॉफ्टवेअर हे आकडे बहुधा लपवतात आणि पुढचे वाक्य तेवढे दाखवतात. जाळे सांभाळायचे असेल तर ते दाखवायला सांगावे, कारण वाक्य प्रत्येक सर्व्हरवर निराळे असू शकते आणि आकडा तोच राहतो.

तोंडओळख

व्हर्जन ही कमांड सर्व्हरवर कोणते सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती चालू आहे ते ३५१ क्रमांकाच्या ओळीत सांगते. ॲडमिन ही कमांड २५६ ते २५९ या चार ओळींत सर्व्हर कुठे आहे, कोणत्या संस्थेत आहे आणि तो सांभाळणाऱ्याला मेल कुठे करायची ते देते. सुरुवातीचे सर्व्हर विद्यापीठांमध्ये होते. रात्री दोन वाजता दुसऱ्या देशातल्या सर्व्हरने गोंधळ घातला तर कोणाला गाठायचे, या अडचणीचे हे उत्तर होते. एमओटीडी म्हणजे त्या दिवसाची सूचना. जोडल्याबरोबर ती आपोआप येतेच. इन्फो ही त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांची नामावळी. दुरुस्तीच्या कामाला तिचा काडीचा उपयोग नाही, पण वीस-तीस वर्षांत किती हातांतून हा कोड गेला आहे हे तिथे दिसते, म्हणून एकदा वाचावी.

टाइम ही कमांड वरवर क्षुल्लक वाटते, पण तीच अनेक भांडणांच्या मुळाशी आहे. जाळे मधोमध तुटले की दोन्ही बाजूंना एकाच नावाची चॅनेल राहतात. पुन्हा जोडल्यावर खरे मालक कोण? बऱ्याच जाळ्यांवर ज्या बाजूचे चॅनेल जुने, म्हणजे ज्याची निर्मितीची वेळ आधीची, त्या बाजूचे हक्क टिकतात. आता एखाद्या सर्व्हरचे घड्याळ मागे असेल, तर तिथे काल जन्मलेले चॅनेलही म्हातारे दिसते आणि हक्काच्या माणसांचे अधिकार जातात. म्हणून घड्याळात फार तफावत असेल तर अनेक सर्व्हर एकमेकांशी जोडायलाच नकार देतात. या वेळेच्या शिक्क्यांची पद्धत वापरावी की नाव आणि चॅनेल काही काळ अडवून ठेवावे, हा जुलै १९९६ मध्ये ईएफनेट या जाळ्यापासून आयआरसीनेट हे जाळे फुटून निघण्यामागच्या वादांपैकी एक होता. जोडणी नाकारली जात असेल तर आधी दोन्हीकडे टाइम विचारून पाहावे.

इथे एक गल्लत हमखास होते. माणसाला विचारलेले व्हर्जन आणि सर्व्हरला विचारलेले व्हर्जन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चौकशी सीटीसीपी या प्रकारची. ती साध्या निरोपासारखी त्या माणसाच्या सॉफ्टवेअरपर्यंत जाते आणि तेच उत्तर देते, खरे किंवा खोटे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत एमआयआरसी उघडून बसणाऱ्या पोरांना हीच चौकशी ठाऊक असायची. समोरचा कोणते सॉफ्टवेअर वापरतो ते बघून भाव खायचा, एवढाच तिचा वापर. सर्व्हरचा त्यात टपालवाल्यापलीकडे संबंध नव्हता.

माणसे मोजणे

लूजर्स ही कमांड २५१ ते २५५ या ओळींत मोजदाद देते : सगळ्या जाळ्यावर किती माणसे, त्यातली किती अदृश्य, किती सर्व्हर, किती ऑपर म्हणजे अधिकारी, किती चॅनेल, आणि खास या सर्व्हरवर किती ग्राहक. बहुतेक लोक पहिला आकडा पाहून पुढे जातात. सांभाळणाऱ्याने दोन आकड्यांवर डोळा ठेवावा. एक, सर्व्हरची संख्या. ती काल होती त्यापेक्षा एकदम घटली असेल तर जाळे कुठेतरी तुटले आहे, मग आपल्या चॅनेलमध्ये काहीच बिघडल्यासारखे वाटत नसले तरी. दुसरा आकडा २५३ क्रमांकाच्या ओळीतला, ‘अनोळखी जोडण्या’. दार ठोठावून अजून नाव न सांगितलेल्यांची ही संख्या. एरवी ती नगण्य असते. ती चढत असेल तर कोणीतरी मुद्दाम रिकाम्या जोडण्या उघडतो आहे, किंवा येणाऱ्यांचे पत्ते तपासणारी यंत्रणा रखडली आहे.

झाडाचा नकाशा

लिंक्स सगळ्या सर्व्हरची यादी देते. प्रत्येकापुढे तो कोणाला जोडलेला आहे आणि आपल्यापासून किती टप्पे दूर आहे ते असते. मॅप हेच झाडाच्या आकारात काढून दाखवते. मॅप मूळ नियमांत नाही, पण डोळ्यांना सोपी म्हणून अनेक सॉफ्टवेअरनी ती घेतली. ट्रेस ही कमांड दिलेल्या सर्व्हरपर्यंतची किंवा माणसापर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने सांगते, वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपापली ओळ पाठवतो. उत्तर मध्येच थांबले तर शेवटची ओळ कोणाची, ते बघावे. त्याच्या पुढे काहीतरी अडले आहे.

जाळे तुटले की चॅनेलमधून एकदम पाच-पन्नास माणसे गेल्याच्या ओळी येतात. यालाच नेटस्प्लिट म्हणतात. जुन्या पद्धतीत जाण्याच्या कारणाच्या जागी दोन सर्व्हरची नावे छापली जात : तुटलेल्या जोडणीची दोन टोके. कोणतीही कमांड न देता फुकट मिळालेले निदान. आता कित्येक जाळी तिथे खरी नावे न देता ठरावीक शब्द छापतात.

स्टॅट्स : खरा दवाखाना

स्टॅट्सपुढे एक अक्षर लिहायचे असते आणि अक्षरागणिक उत्तर बदलते. यू म्हणजे सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे. एम म्हणजे कोणती कमांड किती वेळा वापरली गेली. ओ म्हणजे अधिकारी होण्याची मुभा कोणाला. के म्हणजे बंदी कोणावर. आय म्हणजे कुठून आलेल्यांना प्रवेश. सी म्हणजे कोणत्या सर्व्हरशी जोडण्याची परवानगी, एच म्हणजे कोणाला हब होता येईल, वाय म्हणजे जोडण्यांचे वर्ग आणि त्यांच्या मर्यादा. ही अक्षरे आकाशातून पडलेली नाहीत. जुन्या सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ अशाच अक्षराने सुरू व्हायची. बंदीला आजही ‘के लाइन’ म्हणतात ते त्यामुळेच. २००० च्या नियमांनी एल, एम, ओ आणि यू एवढीच अक्षरे आग्रहाने ठेवली. बाकीची सॉफ्टवेअरगणिक बदलतात, म्हणून नव्या सर्व्हरवर आधी त्याची मदत वाचावी.

या सगळ्यांत एल हे अक्षर सर्वांत मोलाचे. ते प्रत्येक जोडणीची ओळ देते : पाठवायच्या रांगेत किती बाइट आहेत, आतापर्यंत किती निरोप गेले, किती आले, जोडणी किती सेकंद जुनी आहे. या रांगेला ‘सेंडक्यू’ म्हणतात.

समजा एक लहानसे जाळे आहे. हेलसिंकी हब, त्याला ॲमस्टरडॅम हा दुसरा हब, आणि ॲमस्टरडॅमला लंडन हा लीफ. लंडनवरचे लोक तक्रार करतात, की हेलसिंकीच्या लोकांचे बोलणे मिनिटभर उशिरा पोहोचते. नवखा माणूस लंडनला स्टॅट्स एल विचारतो, ॲमस्टरडॅमच्या ओळीत सेंडक्यू शून्य दिसतो आणि सगळे ठीक आहे असा निर्वाळा देतो. पण लंडनची रांग म्हणजे लंडनने पाठवायचा माल. तक्रार येणाऱ्या मालाची आहे, आणि तो पडून आहे ॲमस्टरडॅमच्या दारात. रांग पाठवणाऱ्याकडे साठते, म्हणून ती पाठवणाऱ्यालाच विचारावी. ॲमस्टरडॅमला स्टॅट्स एल दिले की लंडनच्या ओळीत काही लाख बाइट दिसतील आणि दोन मिनिटांनी आकडा आणखी फुगलेला असेल. शिवाय लंडनला दुरून विचारलेला प्रश्नही त्याच तुंबलेल्या वाटेने जातो. उत्तराला लागलेला वेळ हीसुद्धा एक माहितीच, पण अधीर माणूस तेवढ्यात तीच कमांड चार वेळा देऊन रांगेत भर घालतो.

रांगेला मर्यादा असते. ती स्टॅट्स वायमध्ये दिसते. मर्यादा ओलांडली की सर्व्हर स्वतःहून जोडणी तोडतो आणि नेटस्प्लिट होतो. इथे घाईघाईने पुन्हा जोडण्याचा मोह आवरावा. जोडणी झाल्याक्षणी दोन्ही बाजू आपल्याकडच्या साऱ्या माणसांची आणि चॅनेलांची यादी एकमेकांवर ओततात. याला ‘बर्स्ट’ म्हणतात. वाट आधीच अरुंद असेल तर या ओतण्यानेच रांग पुन्हा भरते, जोडणी पुन्हा तुटते, आणि लोकांना दर पाच मिनिटांनी शेकडो जाण्या-येण्याच्या ओळी दिसू लागतात. शहाणा ऑपर आधी स्टॅट्स सी पाहतो : लंडनला हेलसिंकीशी थेट जोडायची परवानगी आहे का? असेल तर स्क्विट कमांडने जुनी जोडणी रीतसर सोडवायची आणि कनेक्ट कमांडने लंडन हेलसिंकीला बांधायचा. मर्यादा वाढवून ठेवणे हा दुसरा उपाय सांगितला जातो. मला तो पटत नाही. त्याने स्प्लिट टळतो, उशीर तसाच राहतो, आणि रांग सर्व्हरच्या मेमरीत साठत जाते.

हूइज आणि दोनदा लिहिलेले नाव

हूइज एखाद्या निकची, म्हणजे टोपणनावाची, माहिती देते : कुठून आला, कोणत्या सर्व्हरवर आहे, कोणत्या चॅनेलमध्ये आहे. किती वेळ गप्प आहे हे मात्र कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि लोक गोंधळतात. सातबारा त्या गावच्या तलाठ्याकडेच असायचा, तसा हा वेळ त्या माणसाच्या स्वतःच्या सर्व्हरकडेच असतो. म्हणून नाव दोनदा लिहितात : हूइज, मग निक, मग पुन्हा तोच निक. पहिल्या जागी सर्व्हरचे नाव अपेक्षित असते. तिथे निक दिला की प्रश्न तो माणूस जिथे आहे त्या सर्व्हरकडे जातो. माणूस निघून गेला असेल तर हूवॉज. धुडगूस घालून पळालेल्याचा माग काढायला ही कामी येते, मात्र सर्व्हर जुनी नावे मर्यादित संख्येनेच लक्षात ठेवतो, त्यामुळे तपास त्याच तासात करावा.

सर्व्हिसेस : नोंदवहीवाले

मूळ आयआरसीत निकवर कोणाची मालकी नव्हती. निघून गेलात की नाव मोकळे. जुलै १९९४ मध्ये सुरू झालेल्या डालनेटने निकसर्व आणि चॅनसर्व ही नोंदणीची सोय लोकप्रिय केली. पुढे अनोप आणि ॲथीमसारख्या तयार सॉफ्टवेअरमुळे ती बहुतेक जाळ्यांवर आली. या सर्व्हिसेस म्हणजे जाळ्याच्या लेखी आणखी एक सर्व्हर, आणि त्यावर बसलेली काही यांत्रिक माणसे. त्यांना चौकशी निरोपाने करतात. चॅनसर्वला इन्फो आणि चॅनेलचे नाव पाठवले, की ते कोणी कधी नोंदवले ते कळते. ऑपरसर्व फक्त अधिकाऱ्यांशी बोलतो. सगळ्या जाळ्यावर लागू होणाऱ्या बंद्यांची यादी त्याच्याकडे असते. २००० च्या नियमांत सर्व्हिसेसची यादी मागायला सर्व्हलिस्ट आणि त्यांना प्रश्न विचारायला स्क्वेरी अशा वेगळ्या कमांडही आहेत, पण निकसर्वच्या लोकप्रियतेपुढे त्या मागे पडल्या.

नेटस्प्लिटमध्ये सर्व्हिसेस तुटलेल्या बाजूला गेल्या तर या बाजूला निकसर्व हे नाव काही काळ मोकळे पडते. कोणी भामट्याने ते घेतले आणि भोळ्या लोकांनी सवयीने त्याला पासवर्ड पाठवला, तर? म्हणून डालनेटने लोकांना निकसर्वच्या नावापुढे सर्व्हिसेसच्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहायची सवय लावली. त्या सर्व्हरवर तो नसेल तर निरोप जाणारच नाही. बाकीची जाळी ही नावे सामान्यांना घेऊच देत नाहीत. तरीही शंका आली तर हूइज निकसर्व करून तो कोणत्या सर्व्हरवर बसला आहे ते पाहावे.

कोणाला उत्तर द्यायचे नाही

यातल्या बहुतेक चौकशा एकेकाळी कोणालाही खुल्या होत्या. त्या मिटू लागल्या त्या हल्ल्यांमुळे. लिंक्स पाहून हब कोणता ते कळले, की त्या एका संगणकावर फसव्या रहदारीचा पूर सोडून अर्धे जाळे पाडता येते. २००१ च्या सुरुवातीला अंडरनेट अशा हल्ल्यांनी बेजार झाले. नंतर तिथल्या सॉफ्टवेअरने सामान्य माणसाला हूइजमध्ये सर्व्हरचे खरे नाव दाखवणे बंद केले. सगळे एकाच ताऱ्याच्या खुणेमागे गेले. इतर जाळ्यांनी लिंक्सचे उत्तर सपाट केले, म्हणजे सगळे सर्व्हर जणू एकालाच जोडलेले. दुसरे कारण ओझ्याचे. ट्रेस किंवा स्टॅट्स हा एका ओळीचा प्रश्न आणि उत्तर शेकडो ओळींचे, तेही सगळ्या वाटेवरून. म्हणून महागड्या चौकशा लागोपाठ केल्या की सर्व्हर २६३ क्रमांकाची ओळ पाठवतो : भार जास्त आहे, थोड्या वेळाने या.

हब लपवणे मला मान्य आहे. पण काही जाळ्यांवर ॲडमिनसुद्धा रिकामी ठेवतात किंवा स्टॅट्सचे एकही अक्षर सामान्यांना देत नाहीत, हे जरा अतीच आहे. सध्या कोणते ऑपर हजर आहेत हे स्टॅट्स पी या अक्षराने अनेक सर्व्हर सांगतात, आणि ती यादी तरी उघडी असावी. त्रास होत असलेल्या माणसाने नाहीतर दाद मागायची कोणाकडे?

नव्या सोयी

जुन्या आयआरसीत उत्तरावर प्रश्नाची खूण नसते. एकाच वेळी दोन सर्व्हरना स्टॅट्स विचारले तर ओळी एकमेकींत मिसळून येतात आणि २१९ क्रमांकाची ‘संपले’ ही ओळ बघत अंदाज बांधावा लागतो. आयआरसीव्ही३ या सुधारणांच्या मालिकेत प्रश्नाला लेबल लावायची सोय आली : लेबल लावून विचारायचे, उत्तरावर तेच लेबल येते. कमांड हाताने देणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण चौकशी करणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम हलके होते. अनरियलआयआरसीडी या सॉफ्टवेअरच्या सहाव्या मालिकेत तर गप्पांच्या खिडकीबाहेरून, जेसन-आरपीसीच्या मार्गाने, माणसांची, चॅनेलांची आणि बंद्यांची यादी मागता येते, आणि त्यावर ब्राउझरमधला नियंत्रण-फलक चालतो. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या जाळ्याचे स्वयंसेवक बाहेर पडून लिबेरा चॅट सुरू झाले, तिथे सोलॅनम आणि ॲथीम ही जोडी आहे, आणि व्हर्जन, टाइम, लूजर्स ही तीन नावे तिथेही टाइप करून पाहता येतात. नोंदणीची गरज नाही. जोडणी सुरक्षित हवी असेल तर पोर्ट ६६९७ द्यावे.